लाकडी लुअरचा रंग पोटाकडून फुगतो आणि सुटतो: कारण कसं ओळखायचं, उपाय काय करायचा

खाडीत जिताडा-तांबोशीसारख्या माशांसाठी हाताने केलेले लाकडी लुअर, म्हणजे माशासारखी दिसणारी कृत्रिम आमिषं, वापरणाऱ्यांची वर्षानुवर्षं एकच तक्रार असते. नवा लुअर पहिल्या काही खेपांत छान चालतो. मग पोटाखालच्या हुकाच्या कडीजवळ, क्लिअरच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) आत, एक बारीक पांढुरका डाग दिसू लागतो. पुढच्या खेपेपर्यंत त्याचा फोड होतो, नखाने दाबला की आत पाणी हलतं, आणि लुअर एखाद्या कातळाला घासला की रुपयाएवढा पापुद्रा निघून येतो. लुअर जड होतो, त्याची वळवळ मंदावते, तरंगणारा असेल तर हळूहळू बुडायला लागतो. बहुतेक जण पापुद्रा काढून टाकतात, दोन दिवस उन्हात ठेवतात आणि वरून आणखी जाड इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा लेप) चढवतात. थोड्याच दिवसांत त्याच जागी पुन्हा फोड येतो.

यावर महागडा क्लिअर आणणं हा उपाय नव्हे. या तक्रारीत वरच्या थराचा दोष क्वचितच असतो. रंगाला आतून ढकललं जात असतं. लाकडात पाणी किंवा हवा कोंडलेली असते, ऊन लागलं की तिचा दाब वाढतो, आणि जिथे पकड सर्वांत कच्ची तिथे थर उचलला जातो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: पाणी आत आलं कुठून? की पहिला हात मारण्याआधीपासूनच ते आत होतं?

आधी पापुद्रा नीट बघा

सुटलेला पापुद्रा फेकू नका. ब्लेडने कडा उचलून तो अख्खा काढा आणि उजेडात त्याची खालची बाजू बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

पापुद्र्याला प्रायमर चिकटून आलाय आणि लुअरवर उघडं लाकूड दिसतंय, तर बिघाड लाकूड आणि पहिला थर यांच्यामध्ये आहे. लाकूड ओलं होतं, किंवा सील अपुरं होतं, किंवा पाणी एखाद्या भोकातून शिरून आतल्या आत पसरलं. पोटाकडून सुटणाऱ्या लुअरमध्ये बहुतेक वेळा हेच दिसतं. उघड्या लाकडावर काळपट-निळसर डाग असेल तर तिथे साधं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची गाठ पडली आहे, म्हणजे कडी किंवा स्क्रू स्टेनलेसचा नाही. तांबूस डाग असेल तर तो सरळ गंज.

नुसता पारदर्शक तुकडा निघाला, रंग मात्र जागच्या जागी, आणि तुकड्याची खालची बाजू गुळगुळीत असेल, तर क्लिअर रंगावर बसलाच नव्हता. हे दुखणं वेगळं आहे, त्याबद्दल पुढे येतं.

रंगाचाच थर मधोमध फाटलाय आणि दोन्ही बाजूंना चांदीची भुकटी दिसतेय, तर भुकटी जास्त आणि तिला धरणारं माध्यम कमी झालं. पेडव्याची चमक आणायच्या नादात कोरडी मोती-पावडर बोटाने चोळतात, तेव्हा हमखास असं होतं. पावडर पातळ ॲक्रिलिक माध्यमात कालवून दोन-तीन विरळ हातांत द्या. चमक तेवढीच येते आणि टिकते.

चौथा प्रकार चटकन ओळखू येत नाही. मोहरीएवढे बारीक फोड अंगभर येतात, विशेषतः जिथे लुअर बोटांत धरला जातो तिथे. हा घामाचा प्रताप. आपल्याकडच्या दमट हवेत हात सतत घामेजलेले असतात. दोन थरांच्या मध्ये मिठाचा अंश राहिला की तो बाहेरचं पाणी थरातून हळूहळू आत ओढून घेतो आणि त्याचा फोड होतो. सील झाल्यापासून शेवटच्या हातापर्यंत लुअरला उघड्या बोटांनी शिवायचं नाही. बिनपावडरीचे नायट्राइलचे हातमोजे घाला किंवा कडीत तार अडकवून धरा. पावडर लावलेले मोजे चालत नाहीत, ती पावडरही थरात अडकते.

पाणी शिरतं ती जागा शोधायच्या दोन चाचण्या

दोन्ही घरी होतात, आणि नवा लुअर पाण्यात नेण्याआधीच त्या केल्या तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

पहिली वजनाची. हुक आणि रिंगा काढून लुअर छोट्या डिजिटल काट्यावर तोला. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा चालतो, ०.०१ दाखवणारा असेल तर फारच छान. मग वजन बांधून रात्रभर बादलीत पूर्ण बुडवून ठेवा. सकाळी फडक्याने टिपून पुन्हा तोला. वजन वाढलं असेल तर पाणी आत गेलं आहे, मग वरून लुअर कितीही देखणा दिसो.

दुसरी चाचणी जागा दाखवते. हात बुडवून ठेवता येईल इतकंच गरम पाणी एका खोल भांड्यात घ्या आणि लुअर त्यात झटकन बुडवा. आतली हवा तापून पसरते आणि जिथे फट असेल तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. याहून गरम पाणी वापरू नका, इपॉक्सी मऊ पडतं. बुडबुडे दिसले त्या जागेवर मार्करने खूण करून घ्या.

खुणा बहुतेक त्याच चार जागी होतात: पोटाखालची कडी, शेपटाची कडी, लिपची (तोंडाखालच्या पट्टीची) खाच आणि वजनासाठी शिसं भरलेलं भोक. अखंड, गोलसर पृष्ठभागातून पाणी सहसा शिरत नाही. ते भोकातून आणि धारदार कडेवरून शिरतं. कडेचं कारण असं की ओलं इपॉक्सी किंवा लॅकर धारदार कोपऱ्यावरून स्वतःला मागे ओढून घेतं, त्यामुळे नेमका तिथेच थर सर्वांत पातळ राहतो. लिपच्या खाचेची तोंडं, गालफडाची कोरीव रेघ, शेपटाचं टोक, सगळीकडे काचपेपरचा हात फिरवून धार मोडा. अगदी थोडी गोलाई दिली तरी पुरतं.

कडीचं दुखणं याहून खोल आहे. आय-स्क्रूच्या (डोक्याला कडी असलेल्या स्क्रूच्या) जागी रंग आणि क्लिअर तारेभोवती गच्च बसलेले दिसतात खरे, पण जिताडा डोकं झटकतो तेव्हा तार केसभर हलते आणि थराला गोल चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्क्रूच्या आट्यांवरून सरळ लाकडाच्या गाभ्यात उतरतं, आणि तिथून तंतूंच्या दिशेने पसरत पोटभर जातं. म्हणून भोक पाडल्यावर ते आतूनही सील झालं पाहिजे. भोकात फेविक्विकसारख्या पातळ सायनोचे दोन थेंब सोडा, वाळू द्या, आट्यांना इपॉक्सी माखून स्क्रू फिरवा, आणि शेवटच्या हातात कडीच्या बुडाशी इपॉक्सीचा छोटासा कॉलर राहू द्या.

मोठ्या माशासाठीचा लुअर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आय-स्क्रू नको, नाकापासून शेपटापर्यंत एकच अखंड तार घाला. खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेस ३१६ घ्या. ३०४ ला समुद्रात खड्डे पडतात. अखंड तार लाकडावर विसंबून नसते, लाकूड फुटलं तरी मासा हातातून जात नाही, आणि ओढ तारेवर आल्यामुळे कडीपाशी थर कमी हलतो.

लाकूड वाळलंय का?

इथे कोकणातल्या माणसाला परदेशी कारागिरांचे व्हिडिओ जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. लाकूड भोवतालच्या हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि त्या हवेशी जुळतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा लाकडात सुमारे १२ टक्के पाणी राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की तेच लाकूड घराच्या आत, एक थेंबही अंगावर न पडता, १८ ते २० टक्क्यांपर्यंत जातं. अशा लाकडावर तुम्ही पावसाळ्यात निगुतीने सील, रंग आणि क्लिअर चढवता. ऑक्टोबरच्या उन्हात तो लुअर होडीच्या फळीवर पडतो, आतलं पाणी वाफ व्हायला बघतं आणि बाहेर जायला वाट नसते. फोड येतो. माणूस म्हणतो, पाण्यात न जाताच फुगला, म्हणजे क्लिअरच खराब.

लाकूड वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, काट्याला कळतं. कोरलेली बॉडी रोज तोला. वजन उतरायचं थांबलं, सलग दोन-तीन दिवस सारखं आलं, की पुढे जा. पावसाळ्यात काम करायचंच असेल तर कोरडी पेटी लागते. जुनं लाकडी कपाट किंवा बंद पडलेल्या फ्रिजचा सांगाडा घ्या, तळाशी ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लावा, खाली आणि वर हवा खेळायला भोकं ठेवा, आणि आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक टांगा. आतली आर्द्रता ५०-५५ च्या घरात आली की पुरे. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो: या पेटीत फक्त कोरी लाकडं वाळवायची. थिनरने ओला असलेला लुअर दिव्याच्या पेटीत कधीही ठेवू नका. थिनरची वाफ कोंडली की आग लागायला एक ठिणगी पुरते.

लाकडाच्या जातीनेही फरक पडतो. बाल्सा फार हलकं, वळवळ सुंदर देतं, पण इतकं मऊ की माशाच्या दाताने किंवा कातळाने क्लिअरखालचं लाकूड दबतं, क्लिअर तडकतो आणि पाणी शिरतं. आपल्याकडे पांगारा हलका आणि कोरायला सोपा आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वी त्याचीच व्हायची. सावरही हलकी, मात्र ती कापल्यावर लवकर वाळवली नाही तर बुरशीने काळवंडते. मला स्वतःला शिवण सर्वांत भरवशाची वाटते. ती थोडी जड आहे, पण ओलाव्याने फारशी वाकत-फुगत नाही आणि स्क्रू घट्ट धरते. सागाचा लुअर करायचा मोह अनेकांना होतो, कारण सुतारकामातले तुकडे फुकट मिळतात. सागात नैसर्गिक तेल असतं आणि ते रंगाची पकड होऊ देत नाही. सागच वापरायचा असेल तर सील करण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने दोन-तीनदा पुसून घ्या. फणसाच्या गाभ्यात पिवळा रंग असतो, तो पांढऱ्या प्रायमरमधून वर येऊ शकतो. त्याआधी चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक पातळ हात दिला तर तो अडतो. फक्त चपडा मेण काढलेला असावा. साध्या चपड्यात मूळचंच मेण असतं, आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) नीट धरत नाही.

सील: सगळा वेळ इथे घालवा

लुअर बनवण्याचे एकूण जितके तास असतील त्यातले सर्वांत जास्त रंगावर जातात, कारण रंग दिसतो. माझ्या मते ते प्रमाण बदललं पाहिजे. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये आपला पहिला लुअर बुचातून कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावली, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. हाताशी जे होतं त्यातून त्यांनी आधी पाणी रोखायची सोय केली. जपानी कारागीर आजही बाल्साची बॉडी सेल्युलोजच्या लॅकरमध्ये पुन्हापुन्हा बुडवून काढतात. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर त्याच घराण्यातला.

क्रम असा ठेवा की भोकं, खाचा, शिशाची जागा हे सगळं सील करण्याआधीच कापून झालेलं असेल. सील झाल्यावर पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे उघडं लाकूड. मग बॉडी गरम करा, उन्हात तासभर किंवा हेअर ड्रायरने, हाताला चांगली ऊबदार लागेपर्यंत. गरम बॉडी सावलीत आणून लगेच सीलरमध्ये बुडवा. थंड होताना आतली हवा आक्रसते आणि सीलर तंतूंमध्ये ओढला जातो. पहिल्या बुडीसाठी सीलर आणि थिनर निम्मे-निम्मे, अगदी पाण्यासारखं पातळ. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत आत ठेवा. पुढच्या बुड्यांमध्ये थिनर कमी करत न्या. दुसऱ्या बुडीनंतर तंतू उभे राहतात, तेव्हा ३२० नंबरचा काचपेपर हलक्या हाताने मारा. एकूण चार ते सहा बुड्या लागतात, सावरीसारख्या भुसभुशीत लाकडाला आणखी एखादी.

यानंतर वाट पाहायची असते, आणि घाई नेमकी इथेच होते. थर वरून सुका लागतो, पण आत थिनर असतो. त्यावर इपॉक्सी चढवलं की तो थिनर कोंडतो आणि उन्हात तोच फोड उठवतो. लुअर नाकाजवळ धरा. थिनरचा वास येतोय तोवर थांबा, मग आठवडा लागो.

पावसाळ्यात एनसी सीलर वाळताना दुधाळ पांढरा पडतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि थरात अडकतं. पॉलिशवाले मिस्त्री अशा वेळी थिनरमध्ये थोडा रिटार्डर घालतात, म्हणजे थिनर सावकाश उडतो. आधीच पांढरा पडलेला थर कोरड्या दिवशी रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी विरळ फवारा देऊन बहुतेक वेळा पुन्हा पारदर्शक होतो.

पातळ इपॉक्सीने सील करायचं असेल तर त्यात थिनर घालू नका. दोन्ही बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या की इपॉक्सी आपोआप पातळ होतं. हातात वेळ मात्र कमी राहतो, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की काम करायचा वेळ साधारण निम्मा होतो.

काही जण होडीच्या लाकडासारखा लुअरही अळशीच्या तेलात मुरवतात. तेल वाईट नाही, पण ते पुरतं सुकायला कित्येक आठवडे लागतात, दमट हवेत त्याहून जास्त, आणि अर्धवट सुकलेल्या तेलावर कुठलाही थर बसत नाही. तेलाचं सील आणि इपॉक्सीचा क्लिअर ही जोडी मी कुणालाच सुचवत नाही. तेल वापरलंच तर तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

इपॉक्सी चढवतानाच बुडबुडे येत असतील

हा फोडांचा प्रकार नव्हे, पण तक्रार बरोबरच येते. सकाळच्या गारव्यात इपॉक्सी लावलं आणि लुअर उन्हात टांगला, तर लाकूड तापतं, आतली हवा पसरते आणि ओल्या थरातून बाहेर येते. उलट करा. लाकूड आधी ऊबदार असू द्या, लेप सावलीत द्या, आणि थर बसेपर्यंत ऊन दाखवू नका. कालवताना अडकलेले बुडबुडे हेअर ड्रायरची किंवा लायटरची ऊब क्षणभर दाखवली की फुटतात. ज्योत एका जागी धरू नका. लुअर फिरवण्यासाठी मायक्रोवेव्हच्या तबकडीची जुनी मोटर उत्तम: मिनिटाला पाच-सहा फेरे, इपॉक्सी एका बाजूला ओघळत नाही.

इपॉक्सी दोन दिवसांनीही चिकट राहिलं तर प्रमाण चुकलंय. बाटलीवरचं प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं, हे वाचून घ्या. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे आकारमानाने एकास एक असलेलं मिश्रण काट्यावर एकास एक घेतलं की हार्डनर जास्त होतो. चिकट थरावर दुसरा हात मारून तो सुकत नाही. खरवडूनच काढावा लागतो.

क्लिअर रंगावरून अख्खा निघतो तेव्हा

आता तो गुळगुळीत, पारदर्शक तुकडा. दमट हवेत इपॉक्सी घट्ट होताना त्याचा हार्डनर हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी जुळून वर मेणासारखी पातळ साय धरतो. बोट फिरवलं तर तेलकट लागतं. त्यावर दुसरा हात मारला की तो त्या सायीवर बसतो, इपॉक्सीवर नाही. ही साय थिनरने पुसली जात नाही, नुसती पसरते. ती पाण्यात विरघळते. साधं कोमट पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन लुअर धुवा, पुसा, मग ४०० नंबरच्या पाण्याच्या काचपेपरने सगळी चमक मारा. मंद, एकसारखा पृष्ठभाग दिसला की दुसरा हात.

क्लिअर लावताच तो एखाद्या जागेवरून गोल-गोल मागे सरकत असेल, खाली रंग उघडा पडत असेल, तर तिथे तेल किंवा सिलिकॉन आहे: हाताचा चिकटपणा, रीलचं तेल, शेजारी मारलेला गंजरोधक स्प्रे. भांड्यांच्या साबणाने धुवून वाळवा, मग पुढचा हात.

रंगाची जात क्लिअरशी जुळते का, तेही पाहा. ऑइल पेंट वरून सुका झाला तरी आत बरेच दिवस कच्चा असतो. त्यावर एनसी किंवा टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) क्लिअर मारला की त्यातला थिनर रंगाला उचलतो आणि सुरकुत्या पडतात. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो, तो लुअरवर नकोच. कपड्यावरचे ॲक्रिलिक रंग स्वस्त मिळतात, पण वाळल्यावरही रबरासारखे मऊ राहतात आणि जाड बसले की कडक क्लिअर त्यांच्यावर तडकतो. एअरब्रशचे पाण्यातले ॲक्रिलिक विरळ हातांत, दर हाताला हेअर ड्रायरने सुकवून, एक दिवस थांबून मग क्लिअर, ही वाट खात्रीची. बांगड्याच्या पाठीच्या गडद रेघा, पंखाखालचा काळा ठिपका, बोयच्या अंगावरचे खवले हे सगळं विरळ हातांतच जास्त खरं दिसतं. खवल्यांसाठी ओढणीची नेटची जाळी बॉडीवर ताणून वरून फवारा द्यायचा. ॲल्युमिनियम फॉइल लावत असाल तर चिकटवण्याआधी कानशीच्या दातांवर ठेवून दाबा. खवलेही उमटतात आणि क्लिअरला पकडही मिळते.

टू-के पीयू क्लिअर उन्हात इपॉक्सीपेक्षा कमी पिवळा पडतो, त्यामुळे शेवटच्या हाताला मला तो पसंत आहे. पण त्याचा हार्डनर आयसोसायनेटचा असतो. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही, सेंद्रिय वाफेसाठीचे काडतूस असलेला मास्कच लागतो, आणि मोकळी हवा. पावसाळी हवेत हा हार्डनर पाण्याशी जुळून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. ती भोकं म्हणजे पाण्याला नव्या वाटा. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा.

हुकाचे ओरखडे

ट्रेबल (तीन काट्यांचा) हुक झुलताना पोटावर अर्धगोल चर पाडतो. चर लाकडापर्यंत पोचला की वरची सगळी मेहनत वाया. हुकाचा आकार एकाने कमी करून पाहा, आणि झुलण्याच्या रेषेवर इपॉक्सीचा एक जादा पट्टा द्या. पेटीत सायनोची नळी ठेवा. चर उघडा दिसला की जागेवरच पुसून एक थेंब.

फुगलेला लुअर दुरुस्त करताना

आधी तो गोड्या पाण्यात धुवा. आत मीठ राहिलं तर लाकूड कधीच पुरतं वाळत नाही, मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. सगळे फोड ब्लेडने उघडा, सैल थर घट्ट थरापर्यंत मागे काढत जा, शक्य असेल तर कडी काढून भोकं मोकळी करा. फोडाला नुसतं टोचून पाणी काढणं आणि वरून क्लिअर भरणं याचा उपयोग होत नाही, कारण लाकूड ओलंच राहतं. मग कोरड्या पेटीत ठेवून रोज तोला. लुअर नवा असताना त्याचं वजन पोटावर किंवा वहीत लिहून ठेवलं असेल तर आता त्याचा खरा उपयोग होतो, कारण कुठे थांबायचं ते कळतं. लिहिलं नसेल तर वजन स्थिर होईपर्यंत थांबा.

उघड्या लाकडात पातळ सायनो किंवा कोमट इपॉक्सी मुरवा, थराच्या कडा काचपेपरने उतरत्या करा, लाकूड आणि जुना थर यांच्यातली पायरी बोटाला लागता कामा नये. नाहीतर ती रेघ नव्या रंगातून दिसते आणि पुढची चीर तिथेच पडते. मग तेवढ्या जागेपुरता प्रायमर, रंग, आणि क्लिअर मात्र अख्ख्या लुअरवर.

कडीभोवतीचं लाकूड सुईने टोचून पाहा. सुई सहज आत जात असेल, लाकूड काळं आणि भुसभुशीत झालं असेल, तर त्यावर रंग चढवू नका. कडी, तार, लिप आणि शिसं काढून घ्या, ते पुढच्या बॉडीला चालतं. लाकूड टणक असेल पण लुअर दोनदा दुरुस्त होऊनही गरम पाण्यात बुडबुडे सोडत असेल, तर सगळा रंग उतरवून बॉडी उघड्या लाकडावर आणा, आणि भोकांपासून पुन्हा सुरुवात करा.

दुरुस्त केलेला किंवा नवा, कुठलाही रंगवलेला लुअर मऊ रबरी आमिषांच्या कप्प्यात ठेवू नका. त्या रबराला मऊ ठेवणारं द्रव्य रंगात उतरतं आणि काही दिवसांत चांगला कडक क्लिअरही चिकट, लिबलिबीत होतो. तो थर वाळवून बरा होत नाही. खरवडून काढण्याखेरीज उपाय नाही.